सणाच्या दिवशी बांधलेला बैल

फार जुनी गोष्ट आहे, ज्या काळातल्या राजांची नावेही आता कुणाला आठवत नाहीत तेव्हाची. चैत्राचा शेवटचा दिवस होता. सकाळपासून आभाळ भरलेले. गावात थेंब नव्हता, पण उत्तरेचे डोंगर ढगांत बुडाले होते.

ब्रह्मपुत्रेकाठच्या त्या आसामी गावात वर्ष वैशाखापासून सुरू होई, म्हणून उद्या नवे वर्ष लागणार होते. आजचा बिहू, म्हणजे सण, गुरांचा. गुरांना हळद-उडदाचे वाटण लावून न्हाऊ घालायचे, दुधी-वांगी चारायची, जुना दोर टाकून द्यायचा आणि दिवसभर मोकळे सोडायचे, असा रिवाज. संध्याकाळी ती आपण होऊन घरी येत. मग नवा दोर बांधायचा.

एका शेतकऱ्याला मात्र या रिवाजाचा घोर लागला. त्याची बैलजोडी एकच, एक तांबडा आणि एक काळा. गेल्या नांगरटीत त्याने काळ्याला चाबकाने फार बडवले होते.

‘हा सुटला तर कशाला परत येतोय? मग नांगर ओढणार कोण?’ त्याच्या मनात आले.

त्याने तांबड्याला सोडले. काळ्याला मात्र नदीकाठच्या उंच गवतात नेऊन, जुन्याच दोराने एका बुंध्याला दोन वेढे देऊन बांधले.

घरी बायकोने विचारले, "काळ्याचा दोर टाकलात ना?"

"टाकला गं. सणाच्या दिवशी तरी चौकशी नको."

दुपार कलली आणि डोंगरातले पाणी नदीला आले. मोकळी गुरे काठ सोडून घराकडे वळली. तांबडा आला. शेजाऱ्यांची गुरे आली. काळा आला नाही.

शेतकऱ्याचा चेहरा उतरला. कोयता घेऊन तो धावत सुटला.

पाणी काळ्याच्या मानेला लागले होते. भिजलेली गाठ सुटेना.

"थांब रे, दम धर!" तो ओरडला.

काळा म्हणाला, "तांबड्याबरोबरच निघालो होतो, धनी. तुझा दोर येऊ देईना."

शेतकऱ्याने दोर कापला. काळा पोहत काठाला लागला. उजवीकडे रान मोकळे होते. शेतकरी श्वास रोखून बघत राहिला. काळ्याने अंग झाडले आणि घरची वाट धरली. मागून येता येता धन्याचीच दमछाक झाली.

गोठ्यात काळा आपल्या जागी जाऊन उभा राहिला. बायको नवा दोर घेऊन आली.

"बांधा. पण आधी खरं काय ते सांगा."

त्याने सगळे सांगितले. तिने डोळे पुसले आणि ती हसली. "बरं झालं, घरात एक तरी शहाणा आहे!"

शेतकऱ्याने आधी चाबूक चुलीत घातला, मग नवा दोर बांधला. त्या वर्षी नांगराला दोन्ही बैल होते.

परत येणाऱ्याची वाट आपल्याच अविश्वासाने अडवू नये.