राजाची भरती

माणसांनी खाडीवर पूल बांधला त्याच्याही कितीतरी आधीची ही गोष्ट. बगळ्यांच्या जाचाला कंटाळून खाडीतल्या खेकड्यांनी समुद्राजवळच्या एका थोराड खेकड्याला राजा केलं. तो "बगळा!" असं ओरडला की हाक बिळाबिळांतून खाडीच्या वरच्या टोकापर्यंत जाई आणि सगळे आत पळत. जीव वाचू लागले.

झालं! राजा भरतीचेही हुकूम सोडू लागला. "भरती आली, दारं लिंपा!" वरच्या टोकाला पाण्याचा पत्ता नव्हता, तरी तिथले खेकडे दारं लिंपून उपाशी बसले. "ओहोटी लागली, दारं उघडा!" त्यांनी उघडली, तर पाणी भसाभसा बिळात शिरलं.

वरच्या टोकाची म्हातारी चिंबोरी राजाकडे गेली. "महाराज, पाणी उतरलं नव्हतं हो."

"अगं, माझ्या दारातलं तर उतरलं होतं!"

"आमच्या दारातलं नव्हतं."

राजा गोंधळला. "मग आपली खाडी एक की दोन?"

चिंबोरी तोच प्रश्न घेऊन वरच्या टोकाला परतली.

दुसऱ्या दिवशी राजाची हाक आली, "बगळा!" वरचे खेकडे दारातच थांबले. बगळा इथला की तिथला, याचा ते विचार करू लागले.

बगळ्याने मात्र विचार केला नाही.