येसबा गिरणीवाल्याची रक्ततपासणी

एका गावात येसबा नावाचा एक भोळा गिरणीवाला होता. भोळा किती, तर 'बारीक दळ' म्हटलं की गिऱ्हाइकाला शिंका येईपर्यंत दळायचा. गावात वीज यायची रात्री, म्हणून गिरणी चालायची रात्री, आणि दिवसभर येसबा पेंगायचा. जेवताना पेंगायचा, बोलताना पेंगायचा, आणि बायको हौसा काही गोड बोलायला लागली की घोरायचाच. हे तिच्या वडिलांच्या, केरबामामांच्या कानावर गेलं. त्यांनी निरोप धाडला, की धाकटीच्या लग्नापर्यंत जावई माणसात आला नाही, तर हौसाला आम्ही माहेरीच ठेवून घेणार.

येसबा घाबरला. हौसाशिवाय त्याला सदऱ्याची बटणंसुद्धा सरळ लागत नसत. भर दुपारी, पोटभर जेवून तो तालुक्याला सबनीस डॉक्टरबाईंकडे गेला. बाई म्हणाल्या, पुरुषाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन नावाचं हार्मोन असतं, त्याची रक्तातली पातळी बघू. पण ती सकाळी चढलेली असते, दुपारी उतरते.

"दुपारी जेवून आलात तर परत पाठवीन. सकाळी लवकर, उपाशीपोटी यायचं."

"बरं बाई," येसबा म्हणाला.

घरी आला तर दारात केरबामामा. जावयाचा रंग बघायला आले होते. येसबानं विचारलं, जेवून आलात का? मामा म्हणाले, हो, चांगलं मटण खाऊन आलो.

"मग परत जा. उद्या सकाळी लवकर, उपाशीपोटी या."

मामा गेले. एका पायात चप्पल नीट न घालताच गेले.

सकाळी येसबानं रक्त दिलं आणि हा पराक्रमही सांगितला.

"येसबा, ते रक्ताला. पाहुण्याला नव्हे."

"बरं बाई. पुढच्या खेपेला."

आकडा कमी आला. येसबाचं तोंड पडलं. बाईंनी समजावलं, एका तपासणीवर काही ठरत नाही. जागरण असलं, ताप असला, तरी आकडा घसरतो. एकदा कळलं म्हणून खरं मानायचं नाही. काही आठवड्यांनी परत तेच आलं, तर मानायचं.

त्याच संध्याकाळी हौसा धावत आली. "अहो, गंजी पेटली." मामांनी म्हशीसाठी धाडलेल्या कडब्याची गंजी होती ती. येसबा खाटेवरून हलला नाही.

"एकदा सांगितलंस म्हणून खरं मानायचं नाही. काही आठवड्यांनी परत सांग."

हौसा थांबली नाही, म्हणून घर तेवढं वाचलं. काही आठवड्यांनी रक्त द्यायला गेला तेव्हा येसबानं हेही बाईंना सांगितलं.

"येसबा, ते रक्ताला. आगीला नव्हे."

"बरं बाई. पुढच्या खेपेला."

दुसऱ्या खेपेलाही आकडा कमीच. बाईंनी गिरणीच्या जागरणावर बोट ठेवलं. म्हणाल्या, हे हार्मोन रात्रीच्या झोपेत तयार होतं. रात्रीच्या दळणाला गडी ठेवा. कुणी सांगितल्या म्हणून ताकदीच्या पुड्या खाऊ नका. आणि घरात बजावून ठेवा, झोपलेल्याला उठवायचं नाही.

येसबा झोपायला लागला. तोंडावर तजेला आला. अशात धाकटीचा साखरपुडा आला आणि दोघं एसटीनं निघाली. रात्रभर करंज्या तळून दमलेल्या हौसाचा डोळा लागला. सासुरवाडी आली. कंडक्टर हाका मारायला लागला, तर येसबानं ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलेल्याला उठवायचं नाही."

सासुरवाडी मागं पडली. पुढची गावंही मागं पडली. हौसा जागी झाली तेव्हा डेपोत एसटी धुतली जात होती. ती दोघं पोचली तोवर साखरपुड्याची भांडीसुद्धा घासून झाली होती. मामांनी दातओठ खात सांगितलं, लग्न झालं की हौसा इथंच राहणार. पुढच्या तपासणीला येसबानं हेही बाईंच्या कानावर घातलं.

"येसबा, ते तुमच्या झोपेला. एसटीतल्या झोपेला नव्हे."

"बरं बाई. पुढच्या खेपेला."

या खेपेला आकडा चांगला आला. तरी येसबा रडवेला. बाईंनी विचारलं, सासऱ्यांशी मनातलं काही बोललात का? नाही, म्हणाला.

"इथंच पुरुषांचं चुकतं. थकवा, उदासी, सगळं पोटात ठेवतात. लाजायचं नाही. चारचौघांत मोकळं बोलायचं."

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्ताआधी मामांनी येसबाला पाण्याच्या टँकरमागं नेलं. म्हणाले, जावईबापू, रंग पालटलाय तुमचा. मग इकडंतिकडं बघून सांगितलं, की वर्ष झालं, दुपारनंतर मलाही उठवत नाही, कशात मन लागत नाही. तुमच्या त्या बाई मला तपासतील का?

"पण हे कुणाला कळू देऊ नका. नाही कळू दिलंत, तर हौसाला आजच घेऊन जा."

येसबाला मामांची फार कीव आली. एवढा मोठा माणूस, आणि लाजतो.

अक्षता वाटून झाल्या. अंतरपाट धरला. पहिलं मंगलाष्टक संपलं आणि भटजींनी खोकण्यासाठी माईक बाजूला केला. तो येसबानं घेतला.

"मंडळी, आमचे सासरे लाजतात म्हणून मी सांगतो. दुपारनंतर त्यांना उठवत नाही. कशात मन लागत नाही. बहुतेक त्यांचं टेस्टोस्टेरॉन उतरलंय."

सगळा मांडव मामांकडं वळला. मामांनी एकदा मांडवाच्या छताकडं बघितलं आणि हौसाला म्हणाले, "पोरी, ह्याला घेऊन तुझ्या घरी जा. आत्ताच जा. आणि राहायला म्हणून परत येऊ नकोस."

हौसानं तोंडाला पदर लावून पिशवी उचलली. पदराआड ती हसत होती.

पण माईक अजून येसबाच्याच हातात होता.

"लाजायचं नाही," तो म्हणाला. "आणखी कुणाकुणाला असं होतं? हात वर करा."

आधी कुणी हललं नाही. मग मागच्या रांगेत एक हात वर झाला. मग पोलीसपाटलांचा. मग मुठीतल्या अक्षता स्वतःच्याच डोक्यावर सांडत निम्म्या मांडवानं हात वर केले.

सगळ्यात शेवटचा हात अंतरपाटाच्या वर आला. त्या हातात हार होता.