एका तबकडीच्या दोन वाटा

“सर, दुसरा टर्नटेबल कुठाय?”

झेलम तांडेल दारातच थबकली होती. टेबलावर मधोमध मिक्सर, त्याच्या डावीकडे तबकडी फिरवणारा एकच टर्नटेबल. उजवीकडची जागा मोकळी.

“आत ठेवलाय,” इनास सर म्हणाले.

“का?”

“तुला एक वाजवता येतो का, ते बघायचंय.”

झेलमच्या कपाळावर आठी उमटली. हातांचा वेग ही तिची ओळख. दोन तबकड्यांवर तिची बोटं फिरू लागली की भलेभले डीजे आपलं काम सोडून बघत राहायचे. पण गेल्या वर्षी नाशिकच्या स्पर्धेत ती अंतिम फेरीत हरली. तिचा प्रतिस्पर्धी शाकीर, त्याने अख्खं मैदान नाचवलं. तिच्यासमोर लोक हाताची घडी घालून उभे राहिले, कौतुकाने बघत... गप्प.

म्हणून ती वसईला आली होती, निर्मळ गावच्या इनास गोन्साल्विसांकडे. लग्नाच्या मांडवात लोकांना नाचवता नाचवता त्यांचे केस पांढरे झाले होते.

सरांनी एक वायर काढली. एका टोकाची पुढे दोन टोकं झालेली. एक टोक टर्नटेबलला, बाकीची दोन मिक्सरच्या शेजारशेजारच्या चॅनलना, म्हणजे आवाजाच्या दोन वाटांना. मग लग्नगीतांची जुनी तबकडी लावून सुई टेकवली.

“वाट सोडा, नवरी आली!” एका बाईचा खणखणीत आवाज.

“दोन्ही चॅनलवर तेच येतंय,” झेलम म्हणाली. “मग उपयोग काय?”

सरांनी फक्त दुसऱ्या चॅनलवर एको, म्हणजे घुमणारा प्रतिध्वनी, चढवला. ‘वाट सोडा, नवरी’ पहिल्या चॅनलवरून साधं जाऊ दिलं. ‘आली’ आलं, तसा अंगठ्याने फेडरची सरकती खुंटी अलगद दुसऱ्याकडे ढकलली आणि लगेच दोन्ही चॅनल बंद केले; घुमत राहिला तो फक्त एको.

आली... आली... आली...

तेवढ्यात त्यांनी तबकडी हाताने मागे आणली. कुणाला कळलंही नसतं. एको विरायला आणि बाई पुन्हा गायला एकच गाठ पडली.

“वाट सोडा, नवरी आली!”

झेलम पुढे झाली. “द्या मला.”

बघता बघता तिने पहिल्या चॅनलवरही एको चढवला, दुसऱ्यावर फिल्टर फिरवला, फेडर इकडून तिकडे नाचवला. आवाजाच्या ठिकऱ्या उडाल्या. तिने मान वर केली. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

हात पुढे करून सरांनी पहिल्या चॅनलवरचं सगळं काढून टाकलं.

“हा कोरा ठेवायचा.”

“कोरा काय, कुणीही वाजवेल.”

“वाजव.”

तिने वाजवलं. बाई गाऊ लागली. झेलमच्या हातांना काही कामच उरलं नाही. तिला अवघडल्यासारखं झालं.

“सर, मी नुसती उभीये.”

“ऐकतेयस ना?”

“...हो.”

“मग नुसती कशी?”

यंदा नाशिकला स्पर्धेच्या दिवशी कडक ऊन होतं. शाकीर आधी वाजवून गेला. मैदान उसळलं, धूळ उडाली, टाळ्या थांबेनात.

मग झेलम मंचावर आली. तिने पहिलं काम केलं ते एक टर्नटेबल खाली उतरवून घ्यायचं.

“मशीन बिघडली वाटतं!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. तिने बाजूला पाहिलं. इनास सर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पाणी पीत होते.

तिने सुई टेकवली.

“वाट सोडा, नवरी आली!”

आली... आली... आली...

हसणं थांबलं. तिने तबकडी मागे घेतली, पुन्हा सोडली. ढोलकीचा ठेका कोरा जाऊ दिला, एखादीच थाप एकोवर भिरकावली. पाय हलू लागले. हातांना पळायचं होतं. तिने पळू दिलं नाही. ती ऐकत होती.

म्हणूनच तिला ते ऐकू आलं. एकोच्या आत आणखी एक आवाज होता. पुढच्या रांगेतल्या बायका म्हणत होत्या, “आली!”

तिने पुन्हा ओळ टाकली. या वेळी निम्मं मैदान म्हणालं, “आली!”

झेलमचं बोट दुसऱ्या चॅनलवर होतं. एको तयार होता. महिनोन्‌महिने घोटलेला, हुकमी. क्षणभर ती थांबली... आणि तो चॅनल तिने पूर्ण खाली ओढला.

“वाट सोडा, नवरी...”

तिने तबकडीवर हात ठेवला. आवाज बंद.

“आली!” अख्खं मैदान गरजलं. “आली! आली! आली!” शाकीर मंचाच्या कडेला उभा राहून दोन्ही हात उंचावून ओरडत होता. झेलम रडत होती, हसत होती, आणि दर वेळी नेमक्या जागी हात ठेवत होती.

निकाल जाहीर करायला आलेल्या बाईंना माईक हातात धरून बराच वेळ थांबावं लागलं. झेलमचं नाव पुकारलं गेलं, तेही त्या कल्लोळात बुडालं.

ट्रॉफी काखेत मारून ती सरांच्या खुर्चीपाशी धावत आली. धाप लागलेली, डोळे चमकत होते.

“सर! आता पुढचं काय शिकवणार?”

मैदान रिकामं होत होतं. फाटकाबाहेर, रिक्षांच्या गर्दीत, दूरवर लोक अजून गात चालले होते.

इनास सरांनी ओठांवर बोट ठेवलं.

“थांब... अजून वाजतंय.”