तात्यासाहेबांचा रेग्युलेटर

सावंतवाडीकडच्या एका खेळण्यांच्या सोसायटीत चेअरमन तात्यासाहेबांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्यांनी हौसेनं खेळणी कातणाऱ्या शेवंताबाईच्या लेथला मोटर बसवली. लेथ असा भणाणला की भोवऱ्यावर रंगाची लाख चढेना, नुसती उडायची. मग तात्यासाहेबांनी घरच्या पंख्याचा रेग्युलेटर उपटून आणला. मागोमाग त्यांच्या पत्नी, सगळ्यांच्या वहिनी, दारात येऊन उभ्या राहिल्या. रेग्युलेटर जोडताच मोटर घुमली, तापली, जळका वास सुटला.

"तुम्हा बायकांना मोटर झेपायची नाही! उद्या परत नेतो!" तात्यासाहेब गरजले.

शेवंताबाईनं मोटर बंद केली नि म्हणाली, "तात्यासाहेब, मोटर तुमच्या वळणावर गेलीय. चालणार एकाच वेगानं, आवळायला गेलं की तापणार. तुम्हाला कधी कुणी रेग्युलेटर लावलाय का? मधे वहिनी असतात, म्हणून तुमचा झपाटा आम्हाला सोसतो. तसं लेथला मोठं चाक लावा नि मोटरीचा पट्टा त्यावर चढवा. मोटर पळू दे, लेथ सावकाश फिरेल."

तात्यासाहेब लालबुंद झाले. ते तोंड उघडणार, तोच दारातून वहिनी नुसतं "अहो" म्हणाल्या.

तात्यासाहेब शेवंताबाईकडे वळले.

"ते चाक," त्यांनी हळूच विचारलं, "केवढं आणू?"