रेघांचं पिल्लू

एका खाडीच्या काठी, झावळ्या झडून नुसता सोट उरलेल्या एका माडात, काळ्या मैनांची वस्ती होती. सुतारपक्ष्यांनी कोरून सोडलेल्या ढोल्यांमध्ये त्यांची बिऱ्हाडं. मैना म्हणजे काय देखण्या! काळीभोर तुकतुकीत पिसं, उन्हात आली की हिरवी झाक मारायची आणि डोळे गुंजेसारखे लाल.

त्यातलीच एक मैना पहिल्यांदाच आई झाली होती. जात्याच घाबरट. पान पडलं तरी दचकायची, आणि दचकली की उगाच स्वतःवरच चिडायची. तिला एकच पिल्लू झालं होतं. ढोलीतल्या अंधारात ती त्याला उंबरं भरवायची, नाकतोडे भरवायची. अंधारात दिसायची ती फक्त उघडी चोच.

एके सकाळी पिल्लू सरकत सरकत ढोलीच्या तोंडाशी आलं. त्याच्यावर ऊन पडलं आणि मैनेच्या काळजात धस्स झालं. पिल्लाची छाती मळकट पांढरी! तिच्यावर काळ्या काळ्या रेघा! डोळेही लाल नाहीत.

शेजारच्या उंबराच्या फांदीवरून साळुंकीने मान लांबवली. "अगंबाई! हे गं कोणाचं?"

"माझंच... म्हणजे, माझ्याच ढोलीतलं."

"तुझं? आरसा बघ जरा! कोकिळेने अंडं घातलं असणार तुझ्या घरात. तिची पोरं अशीच असतात, ठिपक्या-रेघांची. तू आपली राबतेस वेड्यासारखी."

"मग आता काय करू?"

"करायचंय काय? चारा बंद. जाईल आपोआप."

मैनेने नवऱ्याकडे पाहिलं. तोही नवखाच. "आत्यांना विचारूया," एवढंच तो म्हणाला.

आत्या म्हणजे वस्तीतली सगळ्यात थोरली मैना. तिच्याइतकी झळाळी कोणालाच नव्हती. "आत्या, आपल्यात कधी रेघांचं पिल्लू होतं का हो?" मैनेने चाचरत विचारलं.

आत्याने पंख नीट केले, इकडेतिकडे पाहिलं. "असलं काही चारचौघांत विचारू नये," म्हणाली आणि ढोलीत गेली.

झालं. मैनेला वाटलं, म्हणजे साळुंकीचंच खरं. ती समोरच्या फांदीवर जाऊन बसली. चोचीत पिकलेलं उंबर तसंच. पिल्लू ओरडत होतं. ऊन चढलं तसा त्याचा आवाज बारीक होत गेला, आणि शेवटी मान ढोलीच्या कडेवर पडली. मैनेच्याने बघवेना आणि उडूनही जाववेना.

तेवढ्यात एक डोमकावळा आला. तिरकं बघत म्हणाला, "तुझं नाही म्हणे ते. मग मला नेऊ दे की!"

पान पडलं तरी दचकणारी ती! पण या वेळी दचकायला सवडच मिळाली नाही. उंबर टाकून ती थेट कावळ्याच्या तोंडावर झेपावली. "कोणाचं का असेना! चोच माझ्यापुढे उघडतं ते! हात तर लावून बघ!"

मागोमाग नवरा आला. आणि काय आश्चर्य, ढोलीतून आत्याही सुसाट निघाली. तिघांनी टोचून टोचून कावळ्याला खाडीपार पिटाळलं.

मैना धापा टाकत परतली, दुसरं उंबर आणून पिल्लाला भरवलं. त्याने गिळलं. आणखी मागितलं. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

आत्या बाजूला येऊन बसली. "पोरी, ते तुझंच आहे. आपली सगळीच पिल्लं अशी असतात. मी होते. तूही होतीस."

"मी? पण मला तर काहीच आठवत नाही!"

"तू एकुलती. आणि आपली छाती आपल्याला दिसते थोडीच! पिल्लांना ढोलीच्या तोंडाशी येऊ द्यायचं नाही, ती बाहेर पडली की प्रत्येकीने आपापली करंजाच्या दाट पाल्यात लपवायची, चमक आली की मगच वस्तीत आणायची, आणि पुढे रेघांचं नावसुद्धा काढायचं नाही, अशी रीत पडलीय आपल्यात. माझीही जीभ रेटली नाही. तू आज लेकरू गमावलं असतंस गं माझ्यापायी."

मग आत्याने माडाभोवती घिरटी घालून हाक दिली, "बाहेर काढा गं सगळ्या आपापली!"

आधी कोणीच हललं नाही. मग एका ढोलीतून रेघांचं डोकं बाहेर आलं. मग दुसरीतून. बघता बघता अख्खा माड रेघाळ पिल्लांनी किलबिलला. मैना आधी रडली, मग इतकी हसली की ढोलीच्या कडेवरून पडता पडता वाचली.

"मला काय माहीत बाई!" साळुंकी पुटपुटली.

यथावकाश पिल्लाला पहिलं काळं-हिरवं पीस फुटलं. गळून पडलेली मळकट पिसं मैनेने जपून ठेवली. आता वस्तीत कोणी पहिल्यांदा अंडी घालणार असली, की मैना ती पिसं तिच्या घरट्यात अंथरते आणि सांगते, "ही माझ्या लेकाची बरं का. आम्हीही अशाच होतो."

तात्पर्य: ज्यांना झळाळी आली, त्यांनी आपले रेघांचे दिवस लपवू नयेत, मागून येणाऱ्यांना त्याच गोष्टीचा धीर लागतो.