रिकामा रकाना

"तिचाच पाठ का, मास्तर?"

मास्तर पटाशीला धार लावत होते. दगडावर तेलाचा थेंब टाकला, आणि हात पुन्हा चालू झाला.

तालुक्याच्या सुतारकाम केंद्रात भिकाजी मास्तरांच्या हाताखाली दोघं शिकवायला शिकत होते, सुयोग आणि माळण. शुक्रवारी बाहेरून तपासनीस येणार होते. त्यांच्यासमोर एकानंच नमुना पाठ घ्यायचा. जो घेईल, त्याच्याकडे मास्तरांनंतर हा वर्ग जाणार. मास्तरांनी माळणचं पाठटाचण निवडलं होतं.

"माझं टाचण अकरा पानांचं आहे," सुयोग म्हणाला. "वीस मिनिटं माहिती, वीस मिनिटं हातकाम. बरोबर निम्मं निम्मं. तिचं दीड पान. वर तेलाचा डाग."

"वाचलंस वाटतं?"

"...टेबलावर पडलं होतं."

"किती वेळा?"

"...तीनदा."

मास्तर हसले. "मी तर एकदाच वाचलं."

सुयोगचे कान तापले.

"घंटा झाली तरी तिच्या वर्गातली मुलं उठत नाहीत. माझी घंटेआधीच दप्तरं आवरतात. तिला काय जास्त येतं? मी रोज तिच्या खिडकीबाहेर उभा राहून ऐकतो. काही विशेष बोलत नाही ती!"

"खिडकीबाहेर?"

सुयोगनं नजर दगडाकडे वळवली.

मास्तरांनी हात पुसले आणि त्याचं टाचण उघडलं. डाव्या रकान्यात शिक्षकानं काय करायचं ते. उजव्या रकान्यात विद्यार्थी काय करतील ते.

"'विद्यार्थी सांगतील, तंतूंच्या उलट रंधा मारला की लाकूड उचकटतं.' कुणी सांगितलं?"

"सांगतील. अपेक्षित उत्तर आहे ते. तसंच लिहायची पद्धत आहे, मास्तर."

"'विद्यार्थी गुळगुळीत फळी तयार करतील.' कधी केली?"

"शुक्रवारी करतील!"

"वा. म्हणजे शुक्रवार उरकलाच की."

"निदान मी तो रकाना भरलाय. तिनं सगळा रिकामा सोडलाय. अर्धवट टाचण आहे ते!"

मास्तर उठले. कोपऱ्यातली सागाची फळी आणून त्यांनी बाकावर ठेवली. तिचं एक टोक स्वतःच्या पंज्याखाली दाबून धरलं.

"मार रंधा. आधी सांग, काय होईल?"

"पातळ, सलग छिलपी निघेल."

"लिहून ठेवू?"

"ठेवा."

सुयोगनं रंधा धरला. हात तयार होता त्याचा. छिलपी निघाली, पातळ, सलग. त्यानं मास्तरांकडे पाहिलं. त्या पाहण्यात अकराच्या अकरा पानं होती.

मग रंधा अडला. खट्.

गाठीपाशी तंतू उलटे फिरले होते. लाकडाचा लचका निघाला.

"...गाठ होती."

"होती."

"तुम्ही मुद्दाम असली फळी दिलीत."

मास्तरांनी पंजा उचलला. त्याखाली दुसरा लचका होता. जुना, कडा काळवंडलेला.

"हा कुणाचा?"

"माळणचा. पहिल्या वर्षीचा. रडली होती तेव्हा." मास्तरांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला. "वखारीत एवढ्या सरळ फळ्या आहेत. परवा येऊन तिनं हीच मागितली. शुक्रवारी हिच्यापासून सुरुवात करणार म्हणाली."

"तपासनिसांसमोर? स्वतःची चूक?"

मास्तरांनी फळी त्याच्याकडे सरकवली.

सुयोगनं त्या दोन लचक्यांकडे पाहिलं. मग घाईघाईनं त्यानं खिशातलं पेन काढलं.

"मीही गाठ घालतो पाठात. माहितीची पाच मिनिटं कमी करतो. संध्याकाळपर्यंत नवं टाचण आणतो, तिच्यापेक्षा..."

मास्तरांनी हात पुढे केला. सुयोगनं त्यावर टाचण ठेवलं. मास्तरांनी नकारार्थी मान हलवून ते परत केलं.

हात तसाच पुढे होता. सुयोगनं त्यावर पेन ठेवलं.

मास्तरांनी ते आपल्या कानामागे खोचलं, सुतार पेन्सिल खोचतात तसं, आणि पटाशी पुन्हा दगडावर टेकवली.

"मग शुक्रवारी मी काय करू, मास्तर?" सुयोगनं विचारलं. "पुन्हा खिडकीबाहेर उभा राहू?"

"आत ये. मुलांच्या बाकावर बस. तिनं विद्यार्थ्यांचा रकाना रिकामा ठेवलाय."