प्रश्नाआधी आलेले उत्तर

एकदा एका गावात एक वृद्ध जाणकार राहत असत. बिघडलेल्या चित्रफिती ते दुरुस्त करीत. संगणकाच्या काळ्या पडद्यावर आज्ञेची एक ओळ टंकायची, बस्स, एवढीच त्यांची हत्यारे.

एके दिवशी एक वयस्क कापड-व्यापारी आला. त्याने मोबाइल काढून पुढे धरला. "यात आमची ही आहे," तो म्हणाला. "गेली ती. तिचा आवाज एवढ्यातच उरलाय. पण फीत अडकते, ओठ एकीकडे नि शब्द भलतीकडे. मुलं परदेशी. घरी बोलायला भिंती! एवढं नीट करा हो."

जाणकार गुरूंनी फाइलची प्रत काढून हाताखाली शिकणाऱ्या शिष्याकडे दिली. शिष्य हुशार, पण भारी घाईचा! फाइलचे काही तुकडे भलत्याच क्रमाने साठवले गेले होते. त्याने आज्ञा दिली, "रांग मोडून आलेले सगळे तुकडे गाळून टाक." फीत न अडकता चालू लागली. स्वारी खूश!

व्यापारी पाहू लागला. भाजी निवडता निवडता पत्नीने वर पाहिले. "अहो, ऐकताय ना?" पुढे नुसती शांतता.

व्यापाऱ्याचा चेहरा पडला. "म्हणजे मी तिला साधी ओसुद्धा दिली नाही? जन्मभर नुसतं दुकानच केलं मी."

गुरूंनी शिष्याची फाइल पुसून टाकली.

"गुरुजी, चांगली चालत होती की!"

"चालत होती रे. पण त्यांचं तोंड पाहिलंस?" गुरूंनी मूळ फाइलची नवी प्रत घेतली, एक ओळ टंकली. "प्रत्येक तुकड्यावर त्याची वेळ नोंदलेली असते. पुढे घुसला म्हणून तो टाकाऊ होत नाही. वेळ वाचायची नि त्याला त्याच्या जागी बसवायचं. गाळायला काय, अक्कल लागत नाही."

फीत पुन्हा लागली. "अहो, ऐकताय ना?" मग कॅमेऱ्यामागून व्यापाऱ्याचाच आवाज आला, "ऐकतोय गं, बोल तू." आणि ती हसली. हेच उत्तर फाइलीत प्रश्नाच्या आधी येऊन पडले होते, आणि शिष्याने ते गाळले होते.

व्यापारी ढसाढसा रडला. मोबाइल उराशी धरून तो जायला उठला, पण उंबऱ्यापाशीच घुटमळला. घरी कोण होते?

शिष्य खजील होऊन म्हणाला, "गुरुजी, मी यांना सोडून येतो."

"जा. चहा घेऊनच ये," गुरू हळूच म्हणाले. "वाटेत ते आधीचं नंतर नि नंतरचं आधी सांगतील, तेच तेच सांगतील. त्यातलं काही गाळू नकोस."

आपल्याही घरात असे कुणी बोलत असेल, तर ओ द्यावी.